श्रद्धांजलीची घाई

११ नोव्हेंबरला सकाळी धर्मेंद्र गेले आणि दुपारच्या आत परत आले. म्हणजे आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तरी. एका काकांनी समईचा फोटो, हार घातलेला धर्मेंद्र, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं सगळं साग्रसंगीत टाकलं आणि त्याखाली भराभर हात जोडले गेले. मग वडील बरे आहेत, असा मुलगी ईशा देओलचा खुलासा आला, हेमामालिनी जाहीरपणे चिडल्या आणि काकांनी मेसेज गुपचूप डिलीट केला. २४ तारखेला धर्मेंद्र खरोखरच गेले, तेव्हा काकांनी तोच फोटो पुन्हा टाकला. तोच, समईसकट! वाया जाऊ दिला नाही.

राग काकांचा नाही. मोठमोठी चॅनेलं घसरली तिथं काकांचं काय घेऊन बसायचं. आपल्या सांगलीत तरी वेगळं काय चालतं? माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो, खाली 'शोकाकुल' म्हणून वीस जणांचे गॉगल घातलेले फोटो, आणि त्या गर्दीत गेलेला कोण ते शोधावं लागतं.

म्हणून असरानींचं मला फार पटलं. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला गेले. घरच्यांनी आधी सांताक्रूझला अंत्यसंस्कार उरकले आणि मग बातमी दिली. गाजावाजा नको, ही त्यांचीच इच्छा. सगळ्यांनी 'शोले'तला जेलर आठवला, ते साहजिकच आहे. मला मात्र 'अभिमान'मधला अमिताभचा तो मित्र जास्त आवडतो. हशा न मागता केलेलं काम आहे ते.

पण २०२५ साल माझ्या लक्षात राहील ते एका जोडीमुळे. बाळ कर्वे २८ ऑगस्टला गेले, पंच्याण्णव पूर्ण करून. गुंड्याभाऊ गेला! त्या दिवशी आमच्या ग्रुपवर समई नव्हती. गणपतीचा दुसरा दिवस होता, सरकारी घाटावर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चाललेलं, सगळे मोदकांच्या फोटोत रमलेले. आमची आत्या तेवढी हळहळली. चिं. वि. जोशींचा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर लागायचा तेव्हा ती लग्न होऊन गिरगावात गेलेली. चाळीत टीव्ही एकाच घरी. आत्या सांगते, "अरे, बसायला जागा नसायची. मी दारातल्या चपला सरकवून उंबऱ्यावर बसायची. चिमणराव बोलायचा खरा, पण गुंड्याभाऊ नुसता उभा राहिला तरी हसू यायचं." समीक्षा म्हणतात ती हीच. चिमणरावांची तारांबळ शोभली, कारण शेजारी हा आडवातिडवा, ठाम माणूस होता.

आणि पंधरवड्यात, १२ सप्टेंबरला, 'दशावतार' सिनेमा आला. चिमणराव, म्हणजे दिलीप प्रभावळकर पडद्यावर, वय ८१! आत्याला घेऊन गेलो. डोळे अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी कलावंत प्रभावळकरांनी असा काही उभा केलाय की त्यांचं वय विसरायला होतं आणि त्या पात्राचं वय मात्र लक्षात राहतं. रंगपटात तो तोंडाला रंग लावतो तेव्हा त्याच्या बोटांकडे बघा. नजर चाचपडते, पण बोटं चुकत नाहीत. उत्तरार्ध मला ताणलेला वाटला. खाणवाले खलनायक जरा ठोकळेबाज आहेत आणि सूडाच्या भागात सिनेमा स्वतःच्याच आवाजात बुडतो. पण तरी लोक बसून राहतात ते त्या एका माणसासाठी. चिमणराव, 'चौकट राजा'तला नंदू, तात्या विंचू, आबा टिपरे, 'मुन्नाभाई'तले गांधीजी, आणि आता हा बाबुली. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही.

हे आत्ताच लिहून ठेवतोय, प्रभावळकर आपल्यात असताना. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो ना? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं म्हणून दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. गेल्या वर्षी त्याच्या दोनच दिवस आधी दया डोंगरे गेल्या. मराठी सिनेमातली सासू म्हटलं की अजूनही त्यांचाच चेहरा समोर येतो. पण बरीच वर्षं त्या पडद्यापासून लांब होत्या. त्या काळात त्यांच्यावर एखादी चार ओळींची पोस्ट कुणी लिहिल्याचं तुम्हाला आठवतंय? मला नाही आठवत.

धर्मेंद्रांचा शेवटचा सिनेमा 'इक्कीस' १ जानेवारीला लागला. आपले निम्मे वाचक मित्र त्या दिवशी साताऱ्याला साहित्य संमेलनात पुस्तकांच्या पिशव्या भरत होते, मी थिएटरात. बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेलेला अरुण खेत्रपाल, आणि धर्मेंद्र त्याचे वडील. ज्याच्या हातून मुलगा मारला गेला, त्याच पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला बाप. श्रीराम राघवनने त्यांना भाषण ठोकायला लावलं नाही, हे मोठेच उपकार. आवाज थकलाय, शब्द सावकाश येतात, आणि मुलगा गमावलेल्या बापाला ते शोभतं. त्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत तोडीस तोड जयदीप अहलावत आहे. रणगाड्यांच्या लढाया चोख आहेत, पण मला या दोघांच्या गप्पा आणखी हव्या होत्या.

आत्याला अजून दाखवायचाय. विचारलं तर म्हणाली, "युद्धाचा असेल तर नको. धर्मेंद्रचा असेल तर चल."