शाळेत मुख्यमंत्री कसा घडवावा

पावसाळ्यात व्हरांड्यात छत्र्या वाळत पडल्या की प्राथमिक शाळांना मंत्रिमंडळाचे वेध लागतात. तुमच्या शाळेचं राहिलं असेल तर थांबा, आधी हे वाचा. आमच्या गावातल्या शाळेत (साताऱ्यापासून एसटीने अर्धा तास, एवढंच सांगते) पंधरा दिवसांपूर्वी हा कार्यक्रम असा काही देखणा पार पडला, की त्याची कृती लिहून ठेवली नाही तर पुढच्या पिढीचं नुकसान होईल.

सुरुवात मोबाइलपासून करा. मतदान यंत्राचं ॲप घ्या, त्यात उमेदवारांचे फोटो घाला, बाकावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करा आणि बोटाला स्केचपेनचा ठिपका द्या. ठिपकेवाल्या बोटांचा फोटो काढायला विसरू नका, निवडणूक त्यासाठीच असते. अठराव्या वर्षी मत द्यायला मिळावं म्हणून या देशाला 61वी घटनादुरुस्ती करावी लागली, त्यात 1989 उजाडलं. तुम्ही पहिलीच्या पोरांना मधल्या सुट्टीच्या आत मतदार केलंत. लहान गोष्ट आहे का?

चिन्हं पाटी, छत्री, फुटपट्टी अशी द्यावीत. कुणी घड्याळ मागितलं तर "बाळ, ते नको" एवढंच म्हणा. का नको ते पोरं विचारत नाहीत. सातारची पोरं आहेत, त्यांना ठाऊक असतं.

उमेदवाराला खरं काही बोलू देऊ नका. हे फार महत्त्वाचं. "शाळेचं नाव उज्ज्वल करीन", "सर्वांना सोबत घेऊन चालेन" अशी दोन-तीन वाक्यं पाठ करून घ्या. आमच्याकडे इथंच चुकलं. माझी लेक पाचवीत आहे, ती उभी राहिली. तिच्या पप्पांनी वाक्यं लिहून दिली होती, ती दप्तरातच राहिली. तिनं प्रत्येक वर्गात जाऊन एकच सांगितलं: "मी निवडून आले तर मुलींच्या संडासाला आतून कडी लावून घेईन." दारावरची कडी गेल्या दिवाळीच्या आधीच निखळली आहे. तेव्हापासून एक पोरगी आत जाते आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरते. दार धरायला मैत्रीण मिळाली नाही तर घरी येईपर्यंत कळ काढायची. म्हणून कित्येक मुली पाण्याची बाटली भरलेली नेतात आणि भरलेलीच परत आणतात.

मतदान झालं. 94 मतं पडली. छत्रीला 8, फुटपट्टीला 31, पाटीला 55. पाटी आमची.

आता नीट लक्ष द्या, कारण नेतृत्वविकासाची खरी कला इथून पुढे आहे. निकाल लगेच जाहीर करायचा नाही. "तांत्रिक अडचण" म्हणायचं आणि रात्र जाऊ द्यायची. रात्रीत पुष्कळ गोष्टी आठवतात. उदाहरणार्थ, फुटपट्टीवाल्या मुलाच्या वडिलांनी 26 जानेवारीला शाळेला स्पीकरसंच दिला होता, हे आठवतं. सकाळी परिपाठाला त्याच स्पीकरवरून जाहीर झालं: मुख्यमंत्री फुटपट्टी, उपमुख्यमंत्री पाटी. मी शाळेत गेले तर सर हसून म्हणाले, "ताई, मुख्यमंत्र्याला पाहुण्यांपुढे बोलावं लागतं. तुमची मुलगी जरा हळू बोलते. आणि उपमुख्यमंत्री म्हणजे काय कमी झालं का? वर तर दोन-दोन असतात."

खरंच की. माझ्याच डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

सहलमंत्री नेमाच, सहल निघो न निघो.

पोषण आहार मंत्र्याला खिचडीची चव बघू द्या, पण "पातळ झालीय" म्हणाला तर त्याला क्रीडा खातं द्या.

अभ्यासमंत्र्याला खडू देऊन फळ्यापाशी उभं करा आणि बडबडणाऱ्यांची नावं लिहायला लावा. याच्याइतकं परिणामकारक प्रशिक्षण दुसरं नाही. आठवड्याच्या आत मंत्र्याला कळतं, की कुणाचं नाव लिहायचं यापेक्षा कुणाचं पुसायचं यात जास्त कमाई आहे. चिंचा येतात, खोडरबर येतात, आमच्या शेजारच्या पोराला तर म्हणे आख्खी कंपासपेटी आली. वर्ग मात्र गप्प असतो. सर निवांत मोबाइल बघतात.

शपथविधी दणक्यात करा. एसटी स्टँडवर फ्लेक्स हवा, त्यावर मुख्यमंत्र्याचा फोटो, त्याच्यापेक्षा मोठा वडिलांचा, त्याहून मोठा त्या भागातल्या नेत्यांचा. मुलं सकाळी आठपासून पटांगणात बसवा. आमच्याकडे पाहुणे पावणेदहाला आले. खाली जमीन ओली होती, पोरांच्या चड्ड्या भिजल्या, दुसरीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली, तिला उचलून नेलं आणि स्पीकरची चाचणी पुढे चालू राहिली. सरपंच आमच्याकडे बाई आहेत. व्यासपीठावर त्यांच्या नावाची पाटी होती आणि पाटीमागे त्यांचे मिस्टर. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. खुर्ची मात्र नवऱ्याला राखीव. मुलींना हे दिसलं पाहिजे, म्हणून त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

पाहुण्यांच्या भाषणाला विषय शोधावा लागत नाही, जिल्हा पुरवतो. यशवंतराव चव्हाण झाले, कर्मवीर अण्णा झाले, मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. "हीच ती माती!" टाळ्या. प्रतिसरकार 1943 ते 1946 इथल्याच गावागावांत चाललं. त्यांची न्यायमंडळं गावात बसून भांडणं मिटवायची आणि सावकार, गावगुंडांना शिक्षा व्हायची. कर्मवीरांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंक्तीला जेवायची आणि वसतिगृहाची कामं आपल्या हातानं करायची. हे सगळं त्या स्पीकरवरून ऐकायला इतकं गोड वाटत होतं! 55 मतं गिळून ढेकर दिलेल्या त्या स्पीकरवरून!

उपमुख्यमंत्र्याला प्रश्न विचारायची सवय लागणार नाही, एवढी काळजी घ्या. आमची तिसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून, त्यावर अर्ज लिहून ऑफिसात गेली. "कडीचं काय?" उत्तर मिळालं, "तो विषय तुझ्या खात्यात येत नाही. आणि निधी आला की बघू."

निधी. सर, शपथविधीला सहा शाली आणल्या होत्या. मी मोजल्या. सहा शाली, सहा नारळ, एक फ्लेक्स, भेळ वेगळी. त्याला निधी कुठून आला? शाळेत मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यात छापलेलं आहे. कडी लावायची असते असं वेगळं छापायचं राहिलं असेल, कारण लिहिणाऱ्याला वाटलं असणार की दार म्हटल्यावर कडी आलीच. 3 जानेवारीला याच मुलींना नऊवारी नेसवून, आडवं कुंकू लावून सावित्रीबाई करता. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यात, हे दर वर्षी भाषणात सांगता. माझी लेक यंदा सावित्री झाली होती. पाच तास लुगडं सावरत बसली होती, कारण दार धरणाऱ्या सगळ्या मुलीही सावित्रीच होत्या. लाज वाटत नाही?

आणि आपण आया? आपणही टाळ्या वाजवल्या. पोराच्या खांद्यावर पट्टा दिसला की आपल्याला दुसरं काही दिसत नाही. फोटो स्टेटसला टाकला, मग भात लावायला गेलो. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यात निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या निम्म्यांत मी आहे. हो, मी. दोन वर्षं आहे. वही घरी येते, शिपाईमामा बाहेर थांबतात, मी चुलीवरचं उतरवून हात पुसते आणि सांगतील तिथं सही करते. वर काय लिहिलंय हे मी कधी वाचलं नाही, कारण बहुतेक वेळा वर काही लिहिलेलंच नसतं. माझ्या लेकीनं मतं मागितली, भाषण केलं, निवडून आली, अर्ज लिहिला. मी फक्त सह्या केल्या. हळू कोण बोलतंय मग?

शनिवारी साताऱ्याला बाजाराला गेले तेव्हा कडी घेतली. स्क्रूसकट सत्तर रुपये झाले. सोमवारी लेकीच्या दप्तरात घालून पाठवली. संध्याकाळी तशीच परत आली. परस्पर बसवता येत नाही, समितीचा ठराव लागतो, असा निरोप आला.

कडी आमच्या टीव्हीवर ठेवली आहे. वही पाठवा, सर. सही करते. पण या खेपेला कोरं पान पाठवू नका.