हललाय हो!

उजव्या डोळ्याभोवती कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरच्या रबराचा गोल वळ उठलाय, तो दोन दिवसांत जाईल. त्या गृहस्थांचं ‘हललाय हो!’ मात्र कानातून जायला तयार नाही.

टूरिंग कारची शर्यत होती. मी वळणावर, तिकीट काढून, जाळीच्या अलीकडे. जाळीतून फोटो काढायचा तर लेन्स तारेला चिकटवायची आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडायचं, म्हणजे तार विरघळते. थोडं मागे सरकलात की ऑटोफोकसला गाडी नको, तारच हवी. जाळीपलीकडे रंगीत जॅकेटवाले अधिकृत फोटोग्राफर आरामात उभे. त्यांना ना तार, ना शेजारी. मला दोन्ही.

“बघू?” शेजारी. टोपी, छत्री, फोन.

मी शटर सेकंदाच्या ऐंशीव्या भागावर ठेवून पॅनिंग करत होतो. गाडीबरोबर कमरेतून वळायचं. मागचं सगळं पुसलं जातं, चाकं फिरताना दिसतात आणि गाडी तेवढी खणखणीत येते. म्हणजे येते असं म्हणतात. चाळिसात दोन आल्या तर दिवस सोन्याचा. मी त्यातलीच एक दाखवली.

“हललाय हो!”

“मुद्दाम हलवलाय, काका. वेग दिसावा म्हणून.”

“मुद्दाम?” मुद्दाम दूध उतू घालवणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं.

मीही हट्टाला पेटलो. शटर थेट सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. पुढची गाडी कडक टिपली. टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

“ही पार्क केलीय का?”

“काका, पळतेय ती!”

“दिसत नाही तसं.” मग जरा मायेनं, “बाकी हीच गाडी आमच्याकडे आहे. रंग वेगळा. डिकी मोठी आहे हिची.”

टूरिंग कारची सगळी गंमतच ही, की ती बाहेरून शोरूममधल्या गाडीसारखी दिसते. पण आत पोलादी पिंजरा जोडलेला असतो, मागची सीट काढून टाकलेली असते. हे मी सांगितलं. का सांगितलं देव जाणे.

“मागची सीटच नाही? मग घरचे कुठे बसतात?”

“घरी.”

माझा आवाज चढला होता, कबूल. पण खांद्यावर तीन किलोची लेन्स असली की माणसाचा स्वभाव बिघडतो. वजनावरून आठवलं, १९५८ साली सुरू झालेल्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चांगला नंबर काढणाऱ्या गाडीवर पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन लादत. २०२२ मध्ये इंजिनाला विजेची जोड देणारी हायब्रिड यंत्रणा आली आणि ती पद्धत गेली. तिथे निदान आधी जिंकावं तरी लागायचं. मी आयुष्यात एकही स्पर्धा न जिंकता तीन किलो वाहतोय.

“पण हा हललेला आणि तो पार्क केलेला, यात चांगला कुठला?” काकांनी कळीचा प्रश्न टाकला. मी कॅमेरा खाली घेतला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि समजावू लागलो: “हे बघा, इथे चाकाचे आरे...”

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. दोन गाड्या दाराला दार घासत वळणात शिरल्या होत्या. एकीचा आरसा उडाला, दुसरी आडवी होऊन थेट आमच्यासमोरच्या खडीत घुसली. मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत धूळ खाली बसत होती आणि ड्रायव्हर पट्टे सोडत होता.

काकांनी फोन उभाच धरला होता. आणि फोनची ती एवढीशी लेन्स जाळीच्या भोकातून अख्खी पलीकडे बघते! तार नाही, अॅपर्चर नाही, काही नाही. फोटोत उडालेली खडी, आडवी गाडी, हवेत तरंगणारा आरसा.

“घाईत काढला,” काका संकोचून म्हणाले, “हललाय का हो?”

मी त्यांचा फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मधून पाहिला, चारी कोपरे पाहिले, आरसा तर दोनदा पाहिला.

नव्हता हललेला.