राज्यशास्त्रात पीएचडी करायचीय? आधी जिल्ह्याचं नाव बदला

पीएचडी प्रवेशाची सूचना लागली की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत झेरॉक्सवाल्यांना बरे दिवस येतात. त्यातही राज्यशास्त्राकडे ओढा मोठा. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, गणिताला गणित यावं लागतं. राजकारण मात्र एसटी स्टँडवर तासभर उभं राहिलं तरी येतं. तेव्हा यंदा अर्ज करणाऱ्यांसाठी ही सोपी वाट लिहून ठेवतो. ती माझी नाही. गेल्या आठवड्यात तपासायला आलेल्या संशोधन आराखड्यांच्या गठ्ठ्यातून ती आयती मिळाली.

पात्रतेचं फार मनावर घेऊ नका. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. ती कोणत्या दाखल्यावर मिळते आणि नॉन क्रिमीलेअरची मुदत संपलीय का, हे शेवटच्या तारखेला संध्याकाळी बघायचं असतं. सर्व्हरही नेमका तेव्हाच मान टाकतो, म्हणजे खापर फोडायला कुणीतरी मिळतं.

जून २०२४ पासून नेटच्या, म्हणजे यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. नाही मिळाली तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणून निकाल वर्षभर स्टेटसला ठेवावा आणि मुदत संपली की अर्ज करावा. विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, देणार असाल तर निम्मी परीक्षा संशोधन पद्धतीवर असते. ते पुस्तक आदल्या रात्री गाडीत उघडायचं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेवढीच दोन प्रकरणं जास्त होतात.

मार्गदर्शक कसा गाठावा? नियमाने प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे सगळं बघत बसलात तर म्हातारे व्हाल. 'नमस्कार सर, गाईड व्हाल का' एवढाच निरोप रात्री अकरा वाजता सगळ्यांना एकदम पाठवा. विषय कळवू नका. सरांनी आजवर काय लिहिलंय तेही वाचू नका. पंचायत राजवाल्याकडे परराष्ट्र धोरण घेऊन गेलात तर त्यांच्याही ज्ञानात भर पडेल.

आता विषय. इथे डोकं वापरायचं नाही, साचा वापरायचा. 'अमुक जिल्ह्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील महिला नेतृत्व : एक चिकित्सक अभ्यास'. अमुकच्या जागी आपला जिल्हा घाला, झालं. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर हे शीर्षक शोधलंत तर जिल्ह्यांची रांग दिसेल, म्हणून शोधूच नका. घाटावरचा एखादा तयार आराखडा मिळवा आणि वर्डमध्ये एक नाव काढून सगळीकडे दुसरं घालायची जी सोय आहे, ती वापरा. मात्र पुन्हा वाचायचं नाही. मग दापोली तालुक्यातल्या सरपंचांच्या अभ्यासात तिसऱ्या पानावर साखर कारखान्याचं संचालक मंडळ येतं, चौथ्या पानावर ऊसदराचं आंदोलन पेटतं आणि पाचव्यावर 'या अवर्षणप्रवण भागात' टँकर फिरू लागतो. अहो, टँकर आपल्याकडेही येतो! एप्रिल-मे आला की वाड्या-वाड्यांवर येतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही येतो. योजना कुणाच्या वाडीला आधी मिळाली, विहीर कुणाच्या जमिनीत खणली, टँकरच्या यादीत नाव घालायला कुणाला फोन करावा लागतो, हा सगळा राज्यशास्त्राचाच विषय होता. तो तुमच्या आराखड्यात चुकून आला आणि तुम्हाला कळलाही नाही.

उद्दिष्टे पाच, गृहीतके पाच. हाताला जेवढी बोटं तेवढी. गृहीतक असं लिहावं की ते खोटं पडायची भीतीच नको. 'महिला सरपंचांना काम करताना अडचणी येतात.' येतातच की! पुरुष सरपंचांना येत नाहीत का? ग्रामसेवकाला येत नाहीत का? गृहीतक म्हणजे जे तपासताना तोंडावर आपटायची शक्यता असते ते. उदाहरणार्थ : ज्या गावात मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं वजन जास्त, त्या गावात ग्रामसभा गणपूर्तीअभावी जास्त वेळा तहकूब होते. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे खरे निर्णय कोणत्या सभेत होतात आणि तिथे कोण बसलेलं असतं, हे इतिवृत्ताच्या वहीवरून मोजता येतं. उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. पण मोजायचं म्हणजे वही उघडावी लागते. नकोच ते.

संदर्भसूची आधीच्या प्रबंधातून उचला, छापखान्याच्या चुकांसकट.

नमुना निवड हा आपला हातखंडा. 'यादृच्छिक पद्धतीने १०० उत्तरदाते निवडले जातील' असं लिहायचं आणि गुगल फॉर्म दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर टाकायचा. कुणी फारच खोदून विचारलं तर मतदार यादीतलं दर दहावं नाव घेणार, असं सांगा. घ्याच एकदा. संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडीत यादी घेऊन उतरा. पहिलं घर : कडीला गंजलेलं कुलूप, खळ्यात गुडघाभर गवत, माणसं नालासोपाऱ्याला. दुसरं : आजी एकटी, 'मतदानाक येतत सगळे, तेव्हा ये.' तिसऱ्याला परत कुलूप. मग तुम्ही शेजारचं उघडं घर गाठता, आणि अशा दहा उघड्या घरांनंतर तुमचा नमुना म्हाताऱ्या माणसांकडे आणि बायकांकडे कलंडलेला असतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली होती. हे ठाऊक असलेला माणूस कुलपांचीही नोंद ठेवतो, बदली घर का घेतलं ते लिहितो, एक फेरी शिमग्याला किंवा मे महिन्यात मारतो आणि यादीतले चाकरमानी मंडळाच्या बैठकीत मुंबईला गाठतो. तुम्ही मात्र 'प्रतिसाद : १०० पैकी १००' लिहा. कोकणात एवढी माणसं एकाच वेळी घरी सापडली, याबद्दलच पदवी द्यायला हवी.

टायपिंग श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये करा. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती गिचमिड कळत नाही, साम्य शून्य येतं, तुम्ही पेढे वाटता. पुढे कुणीतरी युनिकोडमध्ये मागतं, बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि खालचा उचललेला मजकूर वर येतो. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला सूट आहे. ६० च्या पुढे गेलात तर नोंदणीच जाते.

मुलाखतीत 'हाच विषय का?' असं विचारलं तर 'आवड आहे' म्हणावं.

पुरे झालं आता. थट्टा करायलाही आता हात धजत नाही. ज्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून १९८९ पर्यंतच्या निवडणुकांत फक्त नाथ पै आणि मधु दंडवते या समाजवाद्यांना लोकसभेत पाठवलं, तिथून १९९१ ला काँग्रेस आणि १९९६ ला शिवसेना निवडून आली. समाजवाद्यांची मतं कुठल्या गावांतून सुटली आणि कुणाकडे गेली, हे विचारावंसं तुमच्यापैकी एकालाही वाटू नये? खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा पिढीजात हक्क, १९४९ च्या कायद्याने गेली. सरपंचाच्या खुर्चीत आणि पालखीच्या मानात ती किती उरलीय? एन्रॉनचा वीजप्रकल्प विरोध होऊनही उभा राहिला, जैतापूरला जमीन घेऊन झाली तरी अणुभट्टी नाही, नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला. किनारा एकच, विरोध तिन्हीकडे, निकाल तीन वेगळे! जगातल्या कुठल्याही विभागाने हा प्रश्न डोक्यावर घेतला असता, आणि तुम्ही राजापुरात बसून सांगलीचा आराखडा उतरवता?

साहित्य मिळत नाही म्हणता. मतदान केंद्रनिहाय निकालाचा तक्ता, म्हणजे 'नमुना २०', राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहे. बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो, आकडे हाताने भरावे लागतात. केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक हलतात, म्हणून गावाच्या नावाने जुळवावे लागतात. मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, ती सांधाजोड वेगळी. कंटाळवाणं आहे, महिनोन्‌महिने चालतं, आणि यालाच संशोधन म्हणतात. ग्रामसभेची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागा : अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. एका आराखड्याच्या बाइंडिंगला याहून जास्त घालवता.

आणि न वाचता सही ठोकणाऱ्या गुरुजनांनो, ऊस तुम्हालाही दिसला नाही? सहीखाली तारीख मात्र न चुकता घातलीत.

आराखडे परत न्या. ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही असा एक प्रश्न एका वाक्यात लिहा, त्याखाली कोणती कागदपत्रं बघणार त्यांची नावं लिहा, आणि त्यांतलं निदान एक उघडून बघा. तोवर कुणाकडे सही मागू नका.