हबला हात लावून बघ

आमच्या चिकोडी-निपाणी भागात ट्रॅक्टर म्हणजे घरचा जावई. त्याला गोंडे, झालरी, टपावर भोंगे, वेळच्या वेळी ऑइल. त्याच्यामागून १५-२० टन ऊस घेऊन निमूट चालणाऱ्या दोन ट्रॉल्यांना मात्र रंगाचा हात लागतो तो फक्त मागच्या फळीवर, कारण तिथं 'नाद करायचा नाय' असं लिहायचं असतं. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणजे तिला बिघडायला काही नाही, हा इकडचा सर्वमान्य सिद्धांत.

या सिद्धांताला पंचक्रोशीत एकच विरोधक आहे आणि ते नेमके आमचे आबा आहेत.

सीमाभागात आम्ही बेंदूर दोनदा करतो. ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्राचा. बैलांची हौस दोन्ही राज्यांच्या हिशेबानं होते. मधला महिना आबांनी ट्रॉलीला देऊन टाकलाय. ते सोप्यातली खुर्ची शेडात नेऊन टाकतात, मला हाक मारतात आणि माझा जन्म त्या खुर्चीसमोर चिखलात जातो.

आधी ॲक्सलखाली जॅक. चाक अधांतरी झालं की एक हात वर, एक खाली धरून हलवायचं. चाक खुळखुळलं की आबांचा चेहरा खुलतो. निदान बरोबर आल्याचा आनंद काही वेगळाच. मग टोपण काढा, पिन काढा, नट काढा, आणि बाहेरचं बेअरिंग चिखलात पडायच्या आत झेला. आतलं ग्रीस काळं ठिक्कर पडलेलं असतं, सील फाटून पाणी शिरलं असेल तर ताकासारखं पातळ. बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं, उन्हात धरून एकेक रोलर फिरवून बघायचा. एखाद्यावर निळसर डाग दिसला की ते तापलेलं होतं, एवढं मलाही कळायला लागलंय. माझ्या पदवीचा याच्याशी काही संबंध नाही.

पुढचा भाग खरा छळाचा. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची.

"वरनं फासू नको. पलीकडनं भाईर येस्तवर दाब."

"आलं की आबा."

"कुठं आलंय? हिकडनं दिसतंय मला."

खुर्चीतून दहा फुटांवरचं ग्रीस दिसणाऱ्या या माणसाला पेपर वाचायला मात्र चष्मा लागतो. नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजतो. नट आवळतानाही चाक फिरवत ठेवायचं, जड झालं की किंचित मागं घ्यायचं. "आवळून धरलंस तर जळतंय, ढिलं सोडलंस तर चाक तुझ्या म्होरं पळतंय," हे आबांचं शास्त्र. जुनी पिन ठोकून सरळ करून परत घालायची नाही, नवीनच घालायची. त्या दिवशी आई मला भाकरीच्या बुट्टीला शिवू देत नाही. भाकरी ताटात लांबूनच पडते.

ढिले यू-बोल्ट, स्प्रिंगच्या पाट्यांचं तुटकं पान, पुढची चाकं वळवणाऱ्या टर्न टेबलचं ग्रीस, हे त्या मानानं सुखाचं काम. हूकात अडकणारी कडी झिजून पातळ झालेली असते, ती भरून आणायला वेल्डिंगवाल्या अण्णांकडे जावं लागतं. ते कानडीत "नाळे बर्री" म्हणतात, मी मराठीत "उद्या नक्की ना?" विचारतो, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. मागच्या लाइटची वायर दरवर्षी उंदीर खातात. आबांनी रिफ्लेक्टर मात्र इतके चिकटवलेत की अंधारात आमची ट्रॉली वरातीसारखी दिसते.

एवढं करून हंगाम लागतो. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि आबा पहिल्या खेपेला सोबत येतात. थोडं अंतर गेलं की, "थांबीव." खाली उतरून प्रत्येक हबला, म्हणजे चाकाच्या मध्यावर बेअरिंग बसतं त्या भागाला, उलटा हात लावून बघतात. हात ठेवता आला तर पुढं, चटका बसला तर तिथंच जॅक. मग पाना घेऊन चाकांचे नट पुन्हा आवळायचे, कारण चाक काढून बसवल्यावर पहिल्या काही मैलांत ते सैल होतात. तोवर मागचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत पुढं जातात आणि काट्यावरचा आमचा नंबर मागं मागं सरकतो. आबांना नंबराचं काही नाही, नंबराचं दुःख ड्रायव्हरला असतं.

यंदा आमचा एकही हब तापला नाही. तरीही आम्ही अर्धी रात्र रस्त्यात काढली, कारण पुढच्या ट्रॉलीचं बेअरिंग जळून चाक कलंडलं होतं, आणि ऊसवाटेला बाजूनं काढायला जागा नसते. तिचा मालक, विशीतला पोरगा, टॉर्च घेऊन आमच्याकडं आला.

"मामा, ह्या मापाचं बेअरिंग हाय काय तुमच्याकडं?"

आमच्याकडं असतंच. आबांनी पिशवीत हात घातला, पण बाहेर काढला नाही.

"ग्रीस कवा भरलंतास?"

पोरगा थोडा गोंधळला. "खंडेनवमीला चारी चाकांस्नी नारळ फोडलाय की मामा. लिंबूबी बांधलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगात त्या दिवशी नवा पांढरा शर्ट होता, हे त्यांना दिसत होतं.

"जा," म्हणाले, "दाखव त्याला तळहातावर कसं घ्यायचं ते."