भिंतीचा फोटो काढताय, मग सही का कापता?

सकाळी एका पेजवर आपल्या सांगलीतल्या भिंतीचा फोटो दिसला आणि टाळकंच सरकलं. चाचा चौधरी, साबू, चिंटू, काय सुरेख रंगवलेत! आणि फोटो? अख्खी भिंत तिरकी, साबूचं डोकं लिंबाएवढं, आणि उजवीकडे खाली, जिथं पेंटरची सही असते, नेमका तिथंच पेजचा भलामोठा वॉटरमार्क. दुसरी जागाच नव्हती?

चाचा चौधरी व्यंगचित्रकार प्राण यांचा, चिंटू चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण पेपरातला बोटभर चिंटू चौकोन आखून आठ-दहा फुटांचा करायचा, हात लांब करून काळी आउटलाइन एका दमात ओढायची, हे करणाऱ्याचं नाव कोण घेणार? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे. आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो, काम विकल्यावरसुद्धा. ‘भिंत रस्त्यावर आहे, म्हणजे सगळ्यांची’ असं म्हणणाऱ्यांनी कलम 52 पण वाचावं. सार्वजनिक जागेतल्या शिल्पांना त्यात जशी उघड सूट आहे, तशी रंगवलेल्या चित्रांना नाही.

रस्त्यावर गाड्या असतात, घाईत फोटो काढावा लागतो, हे मान्य. पण साबू घाईमुळे बुटका झालेला नाही. भिंतीला चिकटून फोनची 0.5 ची, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स लावली आणि फोन वर उचलला की पाय जवळ येतात, डोकं लांब जातं. मागं सरका की! वीस फूट रुंद चित्राला फोनच्या मुख्य लेन्सनं साधारण 15 फूट अंतर पुरतं. फोनवर 2x झूम किंवा कॅमेऱ्याला 50 मिमी लेन्स लावली तर 28 ते 30 फूट, म्हणजे समोरचा फुटपाथ. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीला आणि भिंतीला समांतर धरायचा. कंपाउंडच्या दहा फुटी भिंतीला डोळ्यांची उंची बरोबर बसते. चित्र इमारतीवर उंच असेल तर समोरच्या दुकानदाराला विचारून माडीवर जा, बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत.

फोनच्या पडद्यावरच्या ग्रिडची रेघ मात्र भिंतीच्या माथ्याला लावा, चित्रातल्या रेघांना नको. ब्रसेल्समध्ये 2005 सालापासून एका अरुंद गल्लीतल्या भिंतीवर कॉमिकमधला टिनटिन, त्याचा दोस्त कॅप्टन हॅडॉक आणि कुत्रा लोखंडी जिना उतरताना दिसतात. जिनाच तिरका, त्याला रेघ लावली की आजूबाजूची घरं कलंडलीच.

भर दुपारी ऑइल पेंट चकाकतो आणि चाचाच्या मिशीवर विजेच्या तारांची सावली पडते. पूर्वेकडं तोंड असलेली भिंत दुपारनंतर घ्या, पश्चिमेकडची सकाळी नऊच्या आत. सावलीत रंग निळसर येतात, कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स 6500 ते 7000 केल्विनवर ठेवा. पांढरा भाग जास्त असला की कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्सपोजर 0.7 नं वाढवा, पण चाचाच्या पागोट्याचा लाल रंग जास्त उजेडानं उडत नाही ना, ते तपासून. फ्लॅश नकोच, मधोमध पांढरा डाग पडतो.

गाड्या नकोत? ट्रायपॉडवर तीन-चार सेकंदांच्या अंतरानं 12 ते 15 फ्रेम घ्या आणि संगणकावर फोटो एडिटरमधल्या ‘मीडियन’नं (प्रत्येक जागी मधला रंग निवडतो) एकत्र करा, धावती गाडी पुसली जाते. उभी मोटारसायकल नाही जात, तिला पहाट हाच इलाज. खरं सांगायचं तर मला रस्ता रिकामा नकोच असतो. शटर 1/15 सेकंदाला आणा, लाल एसटी पुढून पुसट सरकू द्या, शेजारी सायकल धरून उभं असलेलं पोर येऊ द्या. साबू केवढा आहे ते तेव्हाच कळतं.

पेजवाल्या पोरांचा राग नाही हो. भिंतीपुढं थांबतात, फोटो काढावासा वाटतो, हेच केवढं आहे. फक्त सहीचं लक्षात घ्या. ती खाली कोपऱ्यात असते, आणि भिंत खालूनच जाते. ओल खालून चढते, चिखल तिथंच उडतो, गाड्या तिथंच टेकतात, पोस्टर तिथंच चिकटतं. कृष्णेचं पाणी आलं तर विचारायलाच नको, 2019 ला पाहिलंय आपण. म्हणून सहीचा वेगळा क्लोज-अप घ्या, हातभर अंतरावरून, अक्षर वाचता येईल असा. अर्धी पुसली असेल तर आजूबाजूला विचारा, चहावाल्याला पेंटर नक्की माहीत असतो. टाकताना पहिल्या ओळीत पेंटरचं नाव, मग पात्राच्या निर्मात्याचं, मग चौक आणि तारीख. तुमचं नाव शेवटी, वॉटरमार्क घालायचाच तर आभाळात घाला.

ते पेज कुणाच्या ओळखीतलं असेल तर एवढं पोचवा.