'फुकट टूलने पीडीएफ जोडू नका' म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं

एक लांबलचक मेसेज सगळीकडे फॉरवर्ड होतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. थोडक्यात म्हणणं असं: फुकट सॉफ्टवेअरने पीडीएफ मर्ज केल्या की क्वालिटी जाते, फुकट म्हणजे वॉटरमार्क नाहीतर व्हायरस, त्यापेक्षा वेबसाईटवर अपलोड करा कारण तिथे फाईल तासा-दोन तासात डिलीट होते, तेही नको असेल तर सरळ प्रिंट टू पीडीएफ मारा, शेवटी सगळी टूल्स सारखीच, आणि डिजिटल सहीवाल्या फाईली असतील तर मात्र पेड सॉफ्टवेअर घ्या, त्यात सही टिकते. आता एवढ्या सगळ्यात एखादं वाक्य तरी बरोबर निघेल असं वाटतं ना? बघू.

पहिलं, क्वालिटी. मर्ज म्हणजे फोटोकॉपीची फोटोकॉपी काढणं असा काहीतरी समज आहे. पीडीएफच्या आत वेगवेगळे ऑब्जेक्ट असतात, म्हणजे पानं, फॉन्ट, इमेज वगैरे, प्रत्येकाला नंबर, आणि शेवटी कुठला ऑब्जेक्ट फाईलमध्ये नक्की कुठे सापडेल याचं एक टेबल. मर्ज करणारं साधं टूल काय करतं तर दुसऱ्या फाईलमधले ऑब्जेक्ट जसेच्या तसे उचलतं, त्यांना नवे नंबर देतं, पानांची एक नवी यादी बनवतं आणि ते टेबल परत लिहितं, बस. तुमच्या स्कॅनमधली जेपेग इमेज यात उघडलीसुद्धा जात नाही, मग ती खराब कुठून होणार? आणि हे करायला कुणाचं गुपित माहीत असायची गरज नाही, पीडीएफ 1993 मध्ये ॲडोबीने आणलं खरं पण 2008 पासून तो आयएसओ स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यांना खुला आंतरराष्ट्रीय नियम आहे, कुणीही वाचून टूल लिहू शकतं आणि लोकांनी लिहिलीयत.

क्वालिटी जाते ती कॉम्प्रेस केल्यावर. घोस्टस्क्रिप्टसारखं टूल फाईल जोडताना अख्खी नव्याने लिहून काढतं, आणि त्यात 'स्क्रीन' सेटिंग ठेवलं तर इमेज 72 डीपीआयपर्यंत (म्हणजे एका इंचात 72 ठिपके) खाली येतात, 'ईबुक'ला 150. काही वेबसाईटपण न विचारता कॉम्प्रेस करतात. म्हणजे दोष सेटिंगचा, फुकट असण्याचा नाही. साधी खूण सांगतो, जोडलेल्या फाईलची साईझ साधारण सगळ्या फाईलींच्या बेरजेएवढी असायला हवी, निम्म्यावर आली असेल तर पानं झूम करून बघाच.

वॉटरमार्क आणि व्हायरसबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. एक असतं ट्रायल, जे नावाला फ्री असतं आणि सेव्ह करताना पानावर शिक्का मारतं किंवा तिसऱ्या फाईलनंतर पैसे मागतं. दुसरं असतं ओपन सोर्स, ज्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, आणि त्यात वॉटरमार्क टाकून कुणाला काय मिळणार? पीडीएफसॅम बेसिक घ्या, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पीडीएफ अरेंजर घ्या, त्यात पानांचे छोटे फोटो दिसतात आणि माऊसने ओढून क्रम लावता येतो, नवख्या माणसाला मी तर हेच सुचवेन. कमांड टाईप करायची सवय असेल तर क्यूपीडीएफ. मॅकवाल्यांना तर काही टाकायचीच गरज नाही, प्रिव्ह्यूमध्ये एक फाईल उघडून थंबनेल दाखवा आणि दुसऱ्या फाईलची पानं त्यात ओढा. ( ॲक्रोबॅट रीडर फुकट आहे म्हणून त्यात मर्जचं बटण शोधत बसू नका, ते काम पेड ॲक्रोबॅटमध्ये होतं.)

व्हायरसची भीती अगदीच खोटी नाही, पण ती येते कुठून तर सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून भलत्याच साईटवरून डाउनलोड केल्यामुळे. टूलच्या स्वतःच्या साईटवरून किंवा लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून घ्या, विषय संपला.

आता गंमत बघा, आधी म्हणायचं फुकटवर विश्वास ठेवू नका आणि लगेच पुढच्या ओळीत फुकट वेबसाईटवर फाईल टाका म्हणायचं! अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने मार्च 2025 मध्ये इशारा दिला होता तो नेमका याच फुकट ऑनलाईन कन्व्हर्टरबद्दल, की काही साईट काम करून देतात पण परत मिळणाऱ्या फाईलसोबत मालवेअर येतं किंवा अपलोड केलेल्या कागदातली माहिती खरवडली जाते. सगळ्या साईट अशा नसतात, मान्य. पण 'दोन तासात डिलीट' हे त्यांचं म्हणणं आहे, ते तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नाही, आणि लोक मर्ज काय करतात तर ओळखपत्रं, बँक स्टेटमेंट, मेडिकल रिपोर्ट, करारनामे! एखाद्या कार्यक्रमाचं पत्रक जोडायचंय तर खुशाल टाका वेबसाईटवर, कोण बघतंय.

काही साईट मात्र फाईल कुठे पाठवतच नाहीत, सगळं काम ब्राउझरमध्येच होतं. हे तपासता येतं, पेज पूर्ण लोड झालं की इंटरनेट बंद करा आणि मग मर्ज करून बघा. झालं तर फाईल बाहेर न जाता जोडली गेलीय. अडकलं तर काम बहुतेक त्यांच्या सर्व्हरवर होतंय.

प्रिंट टू पीडीएफचा सल्ला कुणी दिला देव जाणे. विंडोज 10 पासून हा नावापुरता प्रिंटर सोबत येतो, जो कागदाऐवजी पीडीएफ फाईल बनवतो, पण चार पीडीएफ त्याला दिल्या तर चार वेगळ्याच फाईली मिळतात, जोडून एक होत नाही. फोटो एकदम सिलेक्ट करून प्रिंट दिले तर होतात एक, बहुतेक तिथूनच हा गैरसमज आला असावा. शिवाय लिंक जातात, बुकमार्क (बाजूला दिसणारी प्रकरणांची यादी) जातात, फॉर्मचे रकाने नुसतं चित्र होऊन बसतात, आणि देवनागरी मजकूर नंतर कॉपी करायला गेलात तर बऱ्याचदा जोडाक्षरांचा चुराडा हातात येतो.

'सगळी टूल्स सारखीच' हे तर अजिबात नाही, आणि निवडताना खरं बघायचं ते इथेच. क्यूपीडीएफ पानं बिनचूक जोडतं पण प्रत्येक फाईलचे बुकमार्क एकत्र करत बसत नाही. पीडीएफसॅममध्ये विचारतं, बुकमार्क ठेवू, टाकून देऊ की प्रत्येक फाईलच्या नावाने एक नवीन बनवू, शिवाय अनुक्रमणिकेचं पान बनवून मिळतं आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट काढायची असेल तर विषम पानांच्या फाईलनंतर कोरं पान घालता येतं. दोनशे पानांचा रिपोर्ट जोडणाऱ्याला हे लागतंच, तीन पावत्या जोडणाऱ्याला काही फरक पडत नाही.

भरलेले फॉर्म जोडताना जरा जपून. पीडीएफमध्ये एकाच नावाच्या रकान्यांत भरलेला मजकूरही एकच असतो, म्हणजे तोच फॉर्म दोन जणांनी भरला आणि टूलने नीट न बघता जोडला तर दोन्हीकडे एकाचंच नाव दिसू शकतं. पीडीएफसॅममध्ये यावर रकान्यांची नावं बदलून जोडायचा किंवा फॉर्म फ्लॅटन करायचा (म्हणजे भरलेला मजकूर पानावर कायमचा पक्का करायचा) पर्याय आहे. आणि फाईलींना नावं 01, 02 अशी द्या हो, नाहीतर बऱ्याच ठिकाणी 1 नंतर थेट 10 येऊन बसतं.

राहिली सही. डिजिटल सही त्या फाईलच्या बाइट्सवर केलेली असते, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कळावं हाच तिचा उद्देश. मर्ज केलं की फाईल नवी, बाइट्स नवे, मग जुनी सही व्हॅलिड राहील कशी? फुकट टूल असो की महागडं, दोन्हीकडे तेच. सहीचं चित्र पानावर दिसत राहील कदाचित, पण व्हेरिफाय करायला गेलात तर काही नाही. आधी सगळं जोडा आणि मग सही करा, किंवा सही आधीच झाली असेल तर ती फाईल मुख्य पीडीएफला अटॅचमेंट म्हणून लावा, अटॅचमेंट आतमध्ये जशीच्या तशी राहते, बाहेर काढून तपासली तर सही व्हॅलिडच दिसते.