उघडं पितळ

न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या आमच्या घरात, तळघरात, वॉटर हीटरच्या शेजारी, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाची एक बाई उभी असते. अंगानं गोल, रंगानं पिवळी, डोक्याला लाल रिबीन आणि तोंड अखंड चालू. मिस पॅकमॅन, नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. जन्मसाल 1982, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला घरात आणायला चार माणसं, एक भाड्याचा ट्रक आणि बायकोला दिलेली सात आश्वासनं लागली. त्यातली चार आश्वासनं अजून पाळायची आहेत.

तिला आणणं हा सोपा भाग होता. तिच्या पोटात काय टाकायचं, इथून माझे भोग सुरू झाले.

अमेरिकेत हे यंत्र क्वार्टरवर चालायचं. पंचवीस सेंटचं नाणं टाका आणि खेळा. पण मी साताऱ्याचा. 1994 साली पोवई नाक्याजवळच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमची पाच यंत्रं होती. दाराशी स्टुलावर बसलेले काका रुपया घ्यायचे आणि मधोमध खाच असलेलं पितळी कॉइन द्यायचे. आम्ही सगळे 'मुस्तफा'साठी जायचो. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, आणि कळल्यावर थोडं वाईटच वाटलं. कॉइन एक आणि ते पाहणारी पोरं नऊ, असा हिशेब असायचा. मी बहुतेक वेळा त्या नवात. मागे उभा राहून "अरे उडी मार, उडी!" असा सल्ला द्यायला पैसे पडत नसत. काही धाडसी पोरं घरून आईचा गॅसचा लायटर पळवून आणायची आणि कॉइनच्या फटीशी धरून 'खटॅक' करायची. ठिणगीनं यंत्र फसायचं आणि फुकटचं क्रेडिट, म्हणजे एक डाव, पडायचं. ही पोरं वेगळी होती, मी त्यांच्यात नव्हतो, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

सांगायचं एवढंच, की खेळ म्हणजे पितळ हे समीकरण डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. क्वार्टर टाकून खेळणं म्हणजे पार्किंगच्या मीटरशी खेळल्यासारखं वाटतं.

नाण्याऐवजी असं पितळी टोकन द्यायची युक्ती मालकांच्या फायद्याची होती, हे वाचून नंतर कळलं. घेतलेली सगळी टोकनं कोणी संपवत नाही. दोन-चार खिशात राहतात, घरी जातात, सोफ्याच्या फटीत पडतात. त्यांचे पैसे मालकाला आधीच मिळालेले असतात. शिवाय ती दुसरीकडे चालत नाहीत, त्यामुळे पोरगं पुन्हा इथेच येणार. पुढे कार्ड घासायची पद्धत आली आणि टोकनं निरुपयोगी झाली. निरुपयोगी झाली म्हणजे लोक ती वजनावर विकू लागले. रद्दीसारखी. आणि वजनावर काही मिळत असलं की मराठी माणूस थांबत नाही.

मी पाच पौंड मिश्र टोकनं मागवली. पाकीट फाडून जेवणाच्या टेबलावर ओतली, तर त्यातली निम्मी मोटारी धुण्याच्या केंद्रांची निघाली. बाकीच्यांत एक चक ई. चीजचं होतं, त्यावर उंदराचं तोंड. ही पिझ्झा आणि व्हिडिओ गेमची साखळी 1977 साली नोलन बुशनेलनं कॅलिफोर्नियात काढली. अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी काढणारा बुशनेल तो हाच. अमेरिकन नाण्यांवर 'इन गॉड वुई ट्रस्ट' असतं, तर ह्यांच्या जुन्या टोकनांवर 'इन पिझ्झा वुई ट्रस्ट'. आणखी एका टोकनावर एक बाई होती, कपडे बेताचे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आता यंत्र. कॉइनची फट म्हणजे नुसती फट नसते, आत एक कस्टम्सचं ऑफिस असतं. किल्लीनं खालचं दार उघडलं की पंजाएवढी एक पत्र्याची चौकट दिसते. नाणं वरून येतं आणि एका बारक्या पाळण्यात बसतं. पाळणा त्याचं माप आणि वजन बघतो. हलकं असेल तर पाळणा झुकत नाही. पुढे चुंबक, नाण्यात लोखंड असेल तर ते तिथेच चिकटतं. ह्या सगळ्यातून सुटलेलं नाणं खाली पडताना एका तारेला धक्का देतं, बटण टिचकतं, आणि पडद्यावर क्रेडिट येतं. क्वार्टरचा व्यास 24.26 मिलिमीटर. माझी टोकनं 0.984 इंची, म्हणजे 25 मिलिमीटर. फरक पाऊण मिलिमीटरचा. त्या पाऊण मिलिमीटरनं माझे तीन शनिवार खाल्ले. टोकन टाकलं की तोंडाशीच अडकायचं, आणि मी जमिनीवर आडवा पडून, दातात टॉर्च धरून, बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं ते काढायचो. चिमटा वाकला. (आश्वासनं आठ झाली.)

शेवटी टोकनाच्या मापाची चौकट मागवून बसवली. पहिलं टोकन आत गेलं, खळ्, टिक्, क्रेडिट एक. मी एवढ्या जोरात ओरडलो की वरून बायकोनं "शॉक बसला का?" असं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती की आशा, हे ठरवता आलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण कुठेतरी वाचलं, की 1992 पासूनचा आपला स्टीलचा एक रुपयासुद्धा बरोबर 25 मिलिमीटरचा होता. झालं! आमच्या लग्नातल्या अहेराची काही रिकामी पाकिटं बायकोनं जपून ठेवली आहेत. 'एकशे एक'मधला तो एक वर चिकटवलेला असतो ना, तो त्यातल्या एका पाकिटावर अजून होता. 1998 सालचा. खरवडून काढला आणि टाकला. पाळण्यात बसला, मापात बसला, आणि चुंबकाशी जाऊन चिकटला. तो रुपया चुंबकाला ओढला जाणाऱ्या जातीच्या स्टीलचा असतो. नाणं परत मागायचं बटण दाबलं की चुंबकावरून एक पट्टी फिरते आणि चोरटं लोखंड झटकून टाकते. पण ह्या रुपयाच्या पाठीला 2005 सालचा डिंक होता. पट्टी येऊन थटायची आणि मागे फिरायची. सातासमुद्रापलीकडे, मिस पॅकमॅनच्या घशात, अशोकस्तंभ ठाम उभा. तो निघाला तेव्हा मंगळवार उजाडला होता.

मग नुसती टोकनं पुरेनात, नामांकित टोकनं हवीशी वाटू लागली. न्यू हॅम्पशायरमध्ये लॅकोनियाला 'फनस्पॉट' नावाचं ठिकाण आहे, 1952 पासूनचं. जुन्या यंत्रांचं संग्रहालयच आहे तिथे. 1999 मध्ये पॅकमॅनचा 33,33,360 हा स्कोअर तिथेच नोंदवला गेला. त्याहून जास्त गुण त्या खेळात होतच नाहीत. (माझा सर्वोच्च स्कोअर विचारू नये.) घरापासून तीनशेच्या वर मैल. बायकोला म्हटलं, पानगळीचे रंग बघायला जाऊ. गेलो. वीस डॉलरची टोकनं घेतली आणि एकही न वापरता खिशात भरली, कारण संग्राहक टोकन खर्च करत नाही. बायकोनं माझ्या खिशात हात घालून निम्मी काढली आणि दोन तास खेळली. परतीच्या वाटेवर म्हणाली, "रंग छान होते."

घरी पोचलो तर चिरंजीवांनी यंत्राचं मागचं फळकूट उघडून, आतल्या इटुकल्या बटणांपैकी काही इकडची तिकडे केली होती. "बाबा, ह्यात फ्री प्ले असतं. कॉइन लागतच नाही. एक स्विच आहे फक्त." ते चौदा वर्षांचं पोर माझ्या सगळ्या पितळाची किंमत एका नखानं शून्यावर आणून मोकळं झालं होतं. मी त्याला खेळाची शिस्त, प्रतीक्षेचं मोल, पोवई नाका असं बरंच सांगितलं. तो म्हणाला, "पण बाबा, आपल्याच घरात आपणच आपल्याला पैसे देऊन खेळायचं?" असले प्रश्न विचारायला शाळेत शिकवतात, त्यासाठी आपण कर भरतो. मी बटणं पूर्ववत केली आणि मागच्या फळकुटाला कुलूप लावलं.

दसऱ्याच्या आधी आई आली. बाबा आले नाहीत. त्यांना थंडी सोसत नाही आणि साताऱ्यातला पेपर इथे येत नाही. आईनं दोन दिवस घर न्याहाळलं आणि तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ओट्यावर जुन्या धोतराचं फडकं पसरलेलं, आणि त्यावर माझी सगळी टोकनं उन्हात चमकत होती. चिंच आणि मीठ लावून तिनं एकेक घासलं होतं. चाळीस-चाळीस वर्षं चढलेला तो तपकिरी गंभीर रंग, ज्याला संग्राहक हात लावत नाहीत, तो सगळा सिंकमधून न्यू जर्सीच्या गटारात गेला होता.

"किती कळकट झाली होती रे. पितळ असं ठेवतात का?"

मी खुर्चीत बसलो. आईनं एक टोकन उजेडात धरलं, चष्मा वर केला. "आणि ही कोण?"

कपडे बेताचे असलेली बाई घासल्यामुळे फारच स्पष्ट झाली होती. "यक्षी," मी म्हणालो. "धनाची राखण करते. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दाराशी नाही का, दगडाची?" हे खरं आहे, तिथे यक्षी आहे, फक्त ही ती नव्हती. आईनं मान डोलावली आणि यक्षी बाजूला ठेवली.

लक्ष्मीपूजनाला तबकात तांदळाच्या राशीवर माझी टोकनं होती. सगळ्यांत वर चक ई. चीज. "गणपतीचं वाहन आहे," आई म्हणाली, आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. उंदराच्या शेजारी यक्षी. दुसऱ्या दिवशी मी चार टोकनं उचलायला गेलो तर हातावर चापट बसली. पूजेतली लक्ष्मी मोडत नाहीत. सगळी टोकनं तांब्याच्या कलशात भरून, वर नारळ ठेवून, देवघरात गेली. बायकोनं ह्या धार्मिक निर्णयाला इतका तत्पर पाठिंबा दिला की मला शंका आली.

पूजेतून वगळलेली शंभरेक तळघरात लपवून ठेवली होती, त्यांत फनस्पॉटची उरलेलीही होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस बायका येणार होत्या आणि चाळीस झाल्याही. वाणाला आणलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या पंचवीसच निघाल्या. आईला लपवलेली टोकनं सापडली. कशी सापडली ते विचारण्यात अर्थ नाही, आईला सापडतं. सगळ्याजणींना वाण सारखंच हवं म्हणून तिनं डब्या बाजूला ठेवल्या आणि प्रत्येकीला तिळगुळाबरोबर जाळीच्या पिशवीत दोन-दोन टोकनं दिली. "खरं पितळ आहे हो," ती प्रत्येकीला सांगत होती.

पुढच्याच शनिवारी दारावरची घंटा वाजली. दोन पोरं, हातात टोकनं. मग आणखी तीन. आता दर शनिवारी तळघरात आठ-दहा पोरांची रांग असते. यंत्राच्या पोटात मूळची पेटी नाही, तिथे मी श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला आहे. तो भरून वाहतो. अटारीनं 1972 मध्ये सनीव्हेलच्या एका बारमध्ये 'पाँग' ह्या गेमचं पहिलं यंत्र ठेवलं तेव्हा ते नाण्यांनी गच्च भरून बंद पडलं होतं म्हणतात. आमच्याकडे तशी वेळ येत नाही, कारण बायको संध्याकाळी डबा काढते आणि पोरांना टोकनं परत वाटते. दिलेलं वाण परत घेतात का?

तर सध्याची परिस्थिती अशी: यंत्र माझं, वीज माझी, कलशातली लक्ष्मी देवाची, डब्यातलं वाण लोकांचं. मी रांगेच्या मागे उभा राहून "अरे, डावीकडनं, डावीकडनं!" असं सांगतो. कोणी ऐकत नाही.

आई मार्चमध्ये परत गेली. परवा तिचा फोन आला. ओळखीतलं कोणीतरी इकडे येतंय, सामान पाठवते म्हणाली. गोडा मसाला, कुळथाचं पीठ, मेतकूट.

"आणखी काही हवं का?"

"गॅसचा लायटर पाठव एक."

"लायटर? तुमची शेगडी तर बटण फिरवलं की पेटते."

मी काहीतरी पुटपुटलो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे टीव्ही चालू होता.

"तू नववीत होतास," ती सावकाश म्हणाली, "त्या वर्षी घरातून तीन लायटर गेले. मी तुझ्या बाबांना किती बोलले, शेजारी नेऊन देतात आणि विसरतात म्हणून."

टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. मग लांबून बाबांचा आवाज आला, "काय गं, मी तेव्हाच सांगत होतो ना?"